हरवलेलं लाकडी काजूबोंड : लेकीच्या नकळत तसंच दुसरं आणून ठेवावं का?

रानजाई

नमस्कार मंडळी. विषय छोटा वाटेल, पण गावाहून आल्यापासून घरात यावरूनच बोलणं चालू आहे आणि मला घराबाहेरच्यांचं मत हवंय. शक्यतो रविवारच्या आत, का ते खाली कळेल.

मे महिन्यात आम्ही वेंगुर्ल्याला मावससासूबाईंकडे गेलो होतो. लेक (घरात चिऊ म्हणतो) पाच वर्षांची आहे. त्यांच्या परसात काजूची झाडं आहेत, हंगाम संपत आलेला तरी थोडी बोंडं होती, हिने एक खाल्लं, घसा खवखवला, रस फ्रॉकवर सांडला त्याचा डाग अजून गेला नाहीये, पण फळाच्या बाहेर बी लटकते हे तिला इतकं भारी वाटलं की भेटेल त्याला ती तेच सांगत होती. मग परत येताना सावंतवाडीत उतरलो, चितार आळीत गेलो. तिथे दुकानांपुढे लाकडी फळांच्या टोपल्या मांडलेल्या असतात त्यात तिला लाकडी काजूबोंड दिसलं आणि झालं, आंबा नको, फणस नको, बाहुली नको, भातुकली नको, हेच. दुकानातल्या काकांनी तिच्यापुढे बरीच ठेवली, हिने एकेक उलटंपालटं करून एक निवडलं, पिवळ्यावर लाल झाक असलेलं, एका अंगाला लाल जरा जास्तच आलेला. त्याचं नाव बोंडू. तेव्हापासून तो मुठीत. मोती तलावाच्या काठावर बसून त्याला राजवाडा दाखवून झाला, जेवताना ताटाशेजारी, झोपताना उशीखाली. देठ चावून चावून टवका उडवला आणि माझ्या पाकिटातली एक टिकली त्याला लावली.

रात्रीच्या खाजगी बसने पुण्याला आलो. बस कोल्हापूरच्या अलीकडे जेवायला थांबली तिथपर्यंत बोंडू होता हे नक्की, सकाळी उतरलो तेव्हा नव्हता. सीटखाली मोबाईलचा उजेड पाडून बघितलं. नंतर बसवाल्यांना फोन केले, त्या जेवणाच्या हॉटेलचा नंबर मिळवून तिथे केला. नाही मिळाला. चिऊला सध्या आम्ही 'सामानात असेल, बघू' एवढंच सांगितलंय. बॅगा कधीच्या रिकाम्या झाल्या. ती रोज विचारते.

नवऱ्याचा मित्र कुडाळला असतो, तो रविवारी सावंतवाडीला जाणार आहे. नवरा म्हणतो त्याच्याकडून तसंच बोंड मागवू, देठ घासून टवका पाडू, तीच टिकली लावू आणि बॅगेच्या तळाशी सापडलं म्हणून देऊ, पोरगी खूश. साबा (सासूबाई) म्हणतात खरं काय ते सांगून टाका, दोन दिवस रडेल आणि विसरेल. मला दोन्ही पूर्ण पटत नाहीये. तिचा चेहरा बघवत नाही हेही खरं आणि देठ घासत बसायची कल्पनाही नको वाटते. तुम्ही काय कराल? कोणी केलंय का असं?


चहाबाज

मी केलंय आणि परत वेळ आली तर परत करेन.

मुलगा चार वर्षांचा असताना जयपूरहून एक कापडी उंट आणलेला, आरशाचं काम केलेला. इथे नाशकात आल्यावर कुठेतरी बाजारात पडला. त्या रात्री तो झोपला नाही, आम्हीही नाही. सुदैवाने त्याच आठवड्यात हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे राजस्थानच्या स्टॉलवर हुबेहूब तसा मिळाला. घरी आणला, जरा मळवला, गाडीच्या सीटमागे ठेवला आणि त्यालाच शोधायला लावला. त्याला तो सापडल्यावरचा आनंद मी विसरू शकत नाही. दुसऱ्या दिवशी म्हणाला उंट बारीक झाला, मी म्हटलं उपाशी होता ना. विषय संपला. आता मुलगा मोठा आहे, उंट कपाटात आहे, कोणाचं काही बिघडलं नाही.

पाच वर्षांच्या मुलाला दुःख शिकवायची एवढी घाई कशाला? पुढे आयुष्यात व्हायचंच आहे. बाप म्हणून जे टाळता येतं ते मी टाळणार. तुमच्या मिस्टरांना माझा पाठिंबा कळवा.


अवनी२१

चहाबाज, तुमच्या मुलाला कळलं नाही याची तुम्हाला खात्री आहे का? भांडायला नाही विचारत, मनापासून विचारतेय. कारण मी त्या मुलाच्या जागी होते.

मी पहिलीत असताना गणपतीपुळ्याला गेलो होतो, तिथे पाण्याच्या कडेला मला एक शंख मिळाला. विकतचा नाही, मला मिळालेला. घरी आणला, आणि घर रंगवायला काढलं त्या गडबडीत गेला. बाबांनी काही दिवसांनी एक शंख आणून माझ्या दप्तराच्या कप्प्यात ठेवला आणि म्हणाले बघ, होता की इथेच. मला हातात घेतल्याक्षणी कळलं. माझ्या शंखाचं टोक तुटकं होतं आणि आत वाळू अडकलेली होती, हलवला की खर्र वाजायची. हा गुळगुळीत आणि गप्प. पण बाबा इतक्या आनंदाने माझ्या तोंडाकडे बघत होते की मी म्हटलं हो बाबा, हाच. त्यानंतर मला माझ्या शंखाबद्दल कोणाशी बोलताच येईना, कारण घरच्यांच्या लेखी तो सापडला होता. मी तो मनात एकटीनेच हरवलेला ठेवला. बाबांवर राग नाही, आजही नाही, फार प्रेमाने केलं होतं त्यांनी. पण नका करू एवढंच सांगेन.


निवांत

रानजाई, तुझ्या सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे गं. सांगायला हवं हे बरोबर. विसरेल हे चूक.

माझा मुलगा आता चाळिशीत आहे. त्याची पत्र्याची बस गिरगाव चौपाटीवर राहिली होती, आम्ही घाईत लोकल पकडायला निघालो. परवा नातवाला घेऊन चौपाटीवर गेलो तर त्याने पोराला जागा दाखवली, इथे कुठेतरी माझी बस राहिली. हसत सांगितलं, पण सांगितलं. मुलं विसरत नाहीत, आपण विचारायचं थांबतो म्हणून ती बोलायची थांबतात.

तेव्हा सांग, पण 'रडून घे आणि विसर' या सुरात नको. तिच्या बोंडूबद्दल तिला बोलू दे. तो कसा होता, त्याला काय आवडायचं, सगळं.


तळकोकण

सावंतवाडीच्या जवळचाच आहे म्हणून लिहितो. आधी एक व्यवहारातली गोष्ट, तसोच बोंडू गावाचो नाय! म्हणजे तसाच मिळणार नाही, मित्र रविवारी गेला तरी.

ही फळं लाकडाची, आकार देऊन झाला की रंग हाताने चढवतात, पिवळ्यावरून लाल कसा उतरवायचा ते त्या त्या माणसाच्या हातावर. सकाळी रंगवलेलं आणि संध्याकाळी रंगवलेलं बोंड सारखं येत नाही. शेजारच्या दुकानातलं तर अजून वेगळं, काहींची बी मोठी, काहींची वाकडी. लाकूडही एकच नसतं. पूर्वी पांगारा वापरायचे, हलका आणि मऊ, कोरायला सोपा, आता आंब्याचं नि इतरही असतं, त्यामुळे हातात घेतल्यावर वजनातसुद्धा फरक लागतो. तुमच्या मुलीने सगळी उलटीपालटी करून एक निवडलं म्हणता, म्हणजे तिने हा फरक बघितला म्हणूनच निवडलं ना? जिने बघून घेतलं तिला दुसरं कसं काय खपवणार?

आणि अजून एक मनात आलेलं सांगतो. आमच्याकडच्या चिताऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हे काम टिकवलंय, प्लॅस्टिकच्या खेळण्यांपुढे टिकवलंय. एका मुलीने त्यातला एक नग ओळखून उचलला, त्याला नाव दिलं, ही त्या कामाला मिळालेली मोठी पावती आहे. त्याची बनावट प्रत करून गप्प बसवू नका. दुसरं घ्यायचं तर खुशाल घ्या, पण दुसरं म्हणून.


चहाबाज

तळकोकण, माहिती आवडली. पण कारखान्यात बनलेलं एकसारखं खेळणं असतं तर चाललं असतं का मग? तुमचा मुद्दा हुबेहूब मिळेल की नाही एवढ्यावरच थांबतो. माझा मुद्दा मुलाला होणाऱ्या त्रासाचा आहे.

अवनी, तुमचा अनुभव वाचून थांबलो हे खरं. माझ्या मुलाला विचारायला हवं असं वाटलं. पण सगळीच मुलं तशी नसतात.


मृद्गंध

मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, त्यामुळे थोडं मोठं लिहितेय, मोबाईलवरून आहे, चुका सांभाळून घ्या.

चहाबाजांनी विचारलेल्या प्रश्नावर खरंच एक प्रयोग झालेला आहे. ब्रिस्टल विद्यापीठाचे ब्रूस हूड आणि येलचे पॉल ब्लूम यांनी तो २००८ साली प्रसिद्ध केला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना त्यांनी एक 'कॉपी करणारं मशीन' दाखवलं. म्हणजे दोन खोकी, एकात वस्तू ठेवायची, दिवे लागणार, आवाज होणार आणि दुसऱ्या खोक्यात हुबेहूब तशीच वस्तू तयार. अर्थात आतून माणूसच काय ते करत होता. साध्या खेळण्याची कॉपी मिळाली तर मुलांना काही वाटलं नाही, उलट बऱ्याच जणांनी नवीनच उचललं. पण ज्यांची एखादी झोपताना लागणारी, नाव दिलेली जिवाभावाची वस्तू होती त्या मुलांना आपलीच परत हवी होती. काहींनी तर ती मशीनमध्ये ठेवू द्यायलाच नकार दिला. म्हणजे रंग, आकार, सगळं तंतोतंत असलं तरी मुलांच्या लेखी ती वस्तू तीच नसते.

आणि यावर फार आधी, १९५३ मध्ये, विनिकॉट नावाच्या ब्रिटिश बालरोगतज्ज्ञाने लिहिलंय. ते मनोविश्लेषकही होते. लहान मूल आईपासून थोडं थोडं सुटं होताना एखादी वस्तू जवळ धरतं, गोधडीचा तुकडा, बाहुली, काहीही. त्या वस्तूचा वास, मळकेपणा सगळं मुलाला हवं असतं, आई नुसती ती धुते तेव्हासुद्धा मुलाच्या दृष्टीने काहीतरी तुटतं. आपल्याकडे आजीच्या जुन्या लुगड्याच्या गोधडीचा कोपरा धरून झोपणारी मुलं आपण सगळ्यांनी बघितलीत, ती धुवायला टाकली की काय गोंधळ होतो तेही.

बोंडू आयुष्यात येऊन फार काळ झाला नव्हता, तेव्हा तो त्या अर्थाने जुनी गोधडी नाही. पण नाव, टिकली, उशीखाली, चावलेला देठ, हे सगळं वाचल्यावर तो साधं खेळणंही राहिलेला नाही.


चहाबाज

मृद्गंध, हा प्रयोग तर माझ्याच बाजूने आहे! त्या मुलांना माहीत होतं की दुसऱ्या खोक्यातली वस्तू कॉपी आहे, म्हणून ती नको म्हणाली. इथे चिऊला माहीतच नसणार. माहीत नसेल तर तिच्यासाठी तो बोंडूच. मग दुःख कुठून आलं?


मृद्गंध

मुद्दा चांगला आहे आणि मी त्याला वळसा घालणार नाही. हो, त्या प्रयोगावरून मुलं नकली ओळखतात असं सिद्ध होत नाही. काही ओळखतील, अवनीसारखी, काही नाही ओळखणार.

पण मुलांना काय महत्त्वाचं वाटतं ते त्यातून कळतं. आपण ज्या वस्तूला 'नको' म्हणू, तीच आपल्याला आपली म्हणून दिली जातेय, ही जागा मला खटकते. चिऊला विचारलं असतं की बोंडू हरवलाय, त्याच्यासारखा दुसरा बोंडू म्हणून चालेल का, तर ती नाही म्हणाली असती, हे तिच्या आईबाबांना पक्कं माहीत आहे. म्हणून तर लपवायचं आहे ना? तिला चाललं असतं तर लपवायची गरजच नव्हती.

तुमच्या मुलाचं काही नुकसान झालं असं मी म्हणत नाहीये. बहुतेक मुलांना एवढ्याने काही होत नाही. माझं म्हणणं इतकंच की जी वस्तू गेली ती चिऊची होती, ती गेल्याची बातमीही तिचीच आहे.


कोरा_कागद

वाचनमात्र असते पण लिहावंसं वाटलं. खोटं बोलण्याबद्दलही एक अभ्यास आहे ना? कॅलिफोर्नियात सॅन दिएगो इथल्या विद्यापीठात केलेला, २०१४ चा, हेज आणि कार्व्हर. पलीकडे गोळ्यांचं मोठं भांडं आहे असं खोटंच सांगून मुलांना खोलीत नेलं आणि मग ते खोटं होतं हे कबूल केलं. ज्यांच्याशी मोठं माणूस असं खोटं बोललं ती शाळकरी मुलं पुढच्या खेळात जास्त डोकावली आणि डोकावलो नाही असं जास्त खोटं बोलली. म्हणजे आपण खोटं बोललो की मुलंही बोलतात.


मृद्गंध

कोरा_कागद, हो, आहे तो अभ्यास. फक्त दोन गोष्टी. त्यात मुलांना खोटं बोललं गेल्याचं सांगितलेलं होतं, आणि तीन-चार वर्षांच्या मुलांत असा फरक दिसला नव्हता, तो पाच ते सातच्या मुलांत दिसला. चिऊ नेमकी त्या वयात शिरतेय. पण अनोळखी माणसाने गोळ्यांवरून मारलेली थाप आणि आईबाबांनी मायेपोटी केलेलं नाटक एका तागडीत तोलायला मी तयार नाही. उगाच रानजाईंना घाबरवायला नको.


बारा_गावचं_पाणी

देठ चावायची म्हणता, रंग कसला आहे ते बघितलं का? लहान मुलांच्या खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क सक्तीचा आहे. नोंदणीकृत कारागिरांनी स्वतः बनवून विकलेल्या हस्तकलेच्या खेळण्यांना त्यातून सूट दिलेली आहे, त्यामुळे मार्क नाही म्हणजे बेकायदा असं नाही, पण म्हणूनच विचारून घ्यावं. विषयांतराबद्दल क्षमस्व.


रानजाई

बारा_गावचं_पाणी, लक्षात आणून दिलंत ते बरं, पुढच्या वेळी विचारून घेईन. तोंडात घालू नको हे सांगणं चालूच होतं.

बाकी सगळ्यांचे प्रतिसाद रात्री नवऱ्याला वाचून दाखवले. अवनीचा वाचताना तो मध्येच उठून बाल्कनीत गेला. त्याचं म्हणणं अजून बदललेलं नाही, पण देठ घासायचं बोलणं त्याने सोडलंय.

एक विचारायचं राहिलं. आम्ही आधीच 'सामानात असेल' म्हटलंय. आता हरवला म्हटलं तर ते आधीचं खोटं ठरेल ना? त्याचं काय करू?


डब्लिनकर

रानजाई, आमच्याकडे हेच झालं होतं म्हणून लिहिते. आम्ही आयर्लंडमध्ये राहतो, भारतात दर वर्षी येणं होत नाही, त्यामुळे सुट्टीतून आणलेली एकेक वस्तू मुलांसाठी फार मोठी असते. मुलाला आजोबांनी सांगलीच्या गणपती मंदिराबाहेरून एक छोटी पितळी घंटा घेऊन दिलेली, ती परतीच्या प्रवासात विमानतळावर कुठेतरी गेली. मी पण आधी बघू बघू म्हणत राहिले. दुसरी मागवायची म्हणजे कोणीतरी येणाऱ्याबरोबर, महिने जाणार, तेवढे महिने 'बघू' कसं म्हणणार? म्हणून सांगावं लागलं.

'सामानात असेल' हे खोटं नव्हतं गं, तुम्हालाही तेव्हा तसंच वाटत होतं. मी सरळ तेच म्हटलं, आईला वाटलं होतं बॅगेत असेल, आईने सगळ्या बॅगा बघितल्या, नाहीये, आता मला वाटतं ती हरवली. मुलाने विचारलं कोणाकडे असेल? मी म्हटलं माहीत नाही. इथे मोह होतो बघ, कुठल्यातरी छान मुलाला मिळाली असेल वगैरे गोष्ट रचायचा. मी नाही रचली, कारण मला माहीत नव्हतं आणि त्याला ते पटलंही नसतं. मग त्याने आजोबांना व्हिडिओ कॉल लावायला सांगितला आणि स्वतः सांगितलं की घंटा हरवली. मला भीती होती आजोबा लगेच 'दुसरी घेऊ रे' म्हणतील, पण ते म्हणाले अरेरे, छान आवाज होता तिचा. मुलगा रडला आणि मग बराच वेळ त्यांच्याशी घंटेबद्दलच बोलत होता.

नंतर दुसरी आली आमच्याकडे, पण तिला तो नवी घंटा म्हणतो. दोन्ही त्याच्याच आहेत, एक हरवलेली आणि एक असलेली.


निवांत

डब्लिनकर, तुझ्या वडिलांना नमस्कार सांग माझा.


तळकोकण

त्या दुकानातल्या काकांनासुद्धा फोन करून बघता येईल. वस्तू मिळणार नाही तिथे, ते माहितीये. पण चिऊला बोलायचं असेल तर आमच्याकडचे लोक बोलतात मुलांशी, 'बाय माझे, तुझो बोंडू खंय गेलो' म्हणून विचारतील. कुठल्या बाजूचं दुकान ते सांगा, मी नंबर मिळवून देतो, व्यनि (खाजगी निरोप) करा.


चहाबाज

मी काल मुलाला विचारलं. उंट आठवतो का म्हटलं, म्हणाला हो, दोन होते ना. मी गप्पच झालो. कधी कळलं विचारलं तर म्हणाला तेव्हाच, पहिल्याचा एक आरसा पडलेला होता, दुसऱ्याचे सगळे होते. मग मला सांगितलं का नाहीस? खांदे उडवले आणि सायकल घेऊन खाली गेला. नाराज वगैरे अजिबात नव्हता, हेही प्रामाणिकपणे लिहितो. आणि त्या रात्री तो झोपला हेही माझ्यासाठी तेवढंच खरं आहे. त्यामुळे मी माझं मत पूर्ण सोडलेलं नाही. अगदी लहान, दोन-अडीच वर्षांचं मूल असेल, बोलून समजावता येत नसेल, झोप-जेवण बंद झालं असेल, तर मी अजूनही दुसरं आणेन. पण पाच वर्षांच्या मुलीच्या बाबतीत रानजाईंच्या मिस्टरांना दिलेला पाठिंबा मागे घेतो.


अवनी२१

चहाबाज, विचारून इथे येऊन लिहिलंत, फार बरं वाटलं. दोन-अडीच वर्षांच्या बाबतीत माझंही तुमच्यासारखंच मत आहे. आणि ज्यांना आधीच माहीत आहे की मूल एका वस्तूशिवाय झोपत नाही त्यांनी पहिल्यापासूनच दोन आणून आलटून पालटून वापरावीत, म्हणजे दोन्हींना सारखाच वास लागतो, मळतातही सारख्याच. माझी बहीण तेच करते. त्यात फसवणूक नाही, मुलाला दोन्ही आपल्याच. पण सुट्टीत स्वतः निवडून आणलेल्या वस्तूच्या बाबतीत ते जमणारं नाही.


रानजाई

सांगितलं.

शनिवारी सकाळी, नवरा आणि मी दोघांनी. डब्लिनकरचे शब्द जवळजवळ तसेच वापरले, आईबाबांना वाटलं होतं बॅगेत असेल, सगळीकडे बघितलं, ड्रायव्हरकाकांना पण विचारलं, बोंडू हरवला. तिने आधी ऐकलंच नसल्यासारखं केलं आणि चित्र काढत बसली. मग एकदम उठून सगळ्या बॅगा बाहेर काढायला लावल्या आणि स्वतः एकेक कप्पा तपासला, कपाटावरची मोठी सुटकेस जी आम्ही नेलीच नव्हती ती सुद्धा. आम्ही काढून दिल्या. त्यानंतर जी रडली ते दुपारपर्यंत. बाबावर चिडली, तू बसमध्ये लाईट बंद केला म्हणून पडला. नवऱ्याने हो-नाही काही न करता ऐकून घेतलं, आणि मी बघतेय त्याच्या डोळ्यातही पाणी. साबांनी तिला मांडीवर घेतलं, त्या विसरेल वगैरे काही म्हणाल्या नाहीत, उलट टिकली कुठल्या रंगाची लावली होतीस गं त्याला असं विचारलं. मग त्यावरून बोलणं सुरू झालं.

तळकोकणांनी नंबर दिला तिथे संध्याकाळी फोन लावला. काकांना मुलगी नीट आठवत नव्हती, रोज किती येत असतील, पण त्यांनी तिला विचारलं की बोंड कसं होतं, तिने सगळं वर्णन केलं, लाल कुठल्या बाजूला जास्त होता तेही. ते म्हणाले हां, तसं परत होत नाही. ऐकून तिचा चेहरा जरा सैल झाला, का ते मला सांगता येणार नाही.

दुसरं काही हवंय का विचारलं तर आधी नाही, मग बोंडच हवं, मग बोंड नकोच. आम्ही सोडून दिलं. मित्राला सांगितलं की काही घेऊ नको.

आता अडचण एकच. सगळं सांगून झालं तरी रोज सकाळी विचारते, ड्रायव्हरकाकांचा फोन आला का? मला दर वेळी 'नाही' म्हणताना कसंतरी होतं. काय करावं?


मृद्गंध

दर वेळी तेच उत्तर, तेवढ्याच शब्दांत द्या, चिडू नका आणि लांबवूही नका. 'नाही आला. आला तर मी तुला लगेच सांगेन.' या वयाची मुलं तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारून उत्तर बदलतंय का ते बघतात. बदलत नाही हे कळलं की प्रश्न विरळ होत जातात. मात्र 'आता किती वेळा विचारशील' असं कोणी म्हणणार नाही एवढं घरात सगळ्यांना सांगून ठेवा. आणि फोन आला तर खरंच सांगा, पंधरा दिवसांनी आला तरी.

मित्राला काही घेऊ नको सांगितलंत ते मला आवडलं. पुढे कधी ती स्वतः म्हणाली तर तिलाच निवडू द्या.


रानजाई

हो, हेच वाक्य ठरवलं, नवऱ्यालाही आणि साबांनाही सांगितलंय. बसवाल्यांकडे माझा नंबर परत एकदा लिहून दिलाय. दिवाळीत वेंगुर्ल्याला जायचं ठरतंय, येताना सावंतवाडीला थांबू, चिऊला बरोबर घेऊनच आळीत जाऊ आणि काही घ्यायचं की नाही ते ती ठरवेल. तळकोकण, तेव्हा त्या काकांचं दुकान दुपारी बंद असतं का ते तेवढं सांगाल का?


तळकोकण

दुपारी जेवणाच्या वेळेला आळीत बरीचशी दुकानं बंद असतात, सकाळी या नाहीतर ऊन उतरल्यावर. येण्याच्या आदल्या दिवशी मला कळवा, मी काकांना सांगून ठेवतो, फळांची नवीन टोपली काढून ठेवतील, तिला सावकाश बघू दे.